जोड लावून खेळविणे : कण्याची इजा झालेला विद्यार्थी आणि शाळेचे क्रीडांगण

वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या दिवशी गावोगावच्या प्राथमिक शाळांतून एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. मैदानावर फक्की टाकून धावपट्ट्या आखलेल्या असतात, पताका लावलेल्या असतात, आणि एका बाजूस लिंबाच्या सावलीत, पायांत बळ नसलेला एक विद्यार्थी खुर्चीवर बसविलेला असतो. त्याच्या हाती गुणांची वही व पेन्सिल असते. गुरुजींनी त्यास मोठ्या ममतेने 'गुणलेखक' नेमलेले असते. तो दिवसभर इतरांचे क्रमांक लिहितो. सायंकाळी बक्षीससमारंभात शेवटी त्याचेही नाव पुकारले जाते, टाळ्या इतर कोणाहीपेक्षा अधिक वाजतात, आणि 'उत्तेजनार्थ' म्हणून एक कंपासपेटी त्याच्या हाती दिली जाते. कशाबद्दल उत्तेजन, हे त्यास कोणी सांगत नाही. आपण कोणाशी स्पर्धा केली नाही व कोणास हरविले नाही, हे त्या मुलाइतके स्पष्टपणे त्या मंडपात दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते.

ह्या प्रसंगात गुरुजींच्या हेतूस दोष देता येणार नाही. तथापि हेतू चांगला असूनही मुलाच्या वाट्यास जे यावयाचे ते आलेच नाही. खेळात हरण्याचा जो हक्क वर्गातील प्रत्येक मुलास मिळतो, तो त्यास मिळाला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकास ही गोष्ट समजावून देण्यासाठी दूर जावयास नको. खासबाग मैदानात असो किंवा एखाद्या खेड्यातील जत्रेच्या फडात असो, कुस्तीच्या आधी 'जोड' लावली जाते. वजन, वय, तयारी व नावलौकिक पाहून तोडीस तोड मल्ल समोरासमोर आणले जातात, आणि ही जोड ज्यास बरोबर लावता येते, त्या वस्तादाचा शब्द फडात मानला जातो. विजोड कुस्ती लागली तर प्रेक्षकच ओरड करून ती बंद पाडतात. लहान चणीच्या मल्लास कुस्ती येत नाही, असे त्यावरून कोणी म्हणत नाही. त्याच्या जोडीचा गडी आणा, एवढेच म्हणतात. पाय निकामी झालेल्या खेळाडूंच्या स्पर्धा जगात गेली पाऊणशे वर्षे भरत आहेत, त्यांचे सारे नियम मुळात ह्या जोड लावण्याच्या तत्त्वावरच उभे आहेत.

प्रथम ही इजा म्हणजे काय ते पाहू. पाठीच्या कण्याच्या मणक्यांतून मेंदूपासून खाली उतरणारी मज्जातंतूंची जी जाड दोरी असते तीस मज्जारज्जू म्हणतात. हालचालीच्या आज्ञा मेंदूकडून खाली जातात व स्पर्श, वेदना, उष्णता ह्यांच्या वार्ता वर येतात, त्या ह्याच मार्गाने. मणका मोडून अथवा सरकून हा रज्जू चिरडला गेला, तर इजेच्या खालील शरीराचा मेंदूशी असलेला संबंध तुटतो. इजा पाठीच्या मध्यावर अगर खाली झाली तर दोन्ही पाय जातात. ह्यास अधरांगघात म्हणतात. इजा मानेत झाली तर हातांवरही परिणाम होतो. खेड्यात अशा मुलास 'वारे गेलेला' म्हणण्याची रीत आहे. परंतु मेंदूतील रक्तस्रावाने किंवा गुठळीने शरीराची एक बाजू लुळी पडते तो अर्धांगवायू निराळा, आणि हा आघात निराळा. येथे मेंदू पूर्णपणे शाबूत असतो. मुलाची बुद्धी, वाचा, महत्त्वाकांक्षा व खोडकरपणा ह्यांत इजेने काही उणे येत नाही.

आपल्या भागात ही इजा होण्याचे प्रसंग रोजच्या जीवनातीलच आहेत. आंब्याच्या किंवा नारळाच्या झाडावरून पडणे, उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून घसरणे, रस्त्यावरील अपघात, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलेल्या विहिरीत किंवा नदीच्या उथळ डोहात वरून सूर मारणे, ही त्यांतील काही. सूर मारणाऱ्याचे डोके तळाशी आपटले की मानेचा मणका मोडतो. पोहावयास जाणाऱ्या मुलांना खोली पाहिल्याविना सूर मारू नये हे दर उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी सांगितलेच पाहिजे. असा अपघात झाल्यास पडलेल्या मुलास हातपाय धरून उचलू नये, बसते करू नये, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. मान व धड एका सरळ रेषेत राहील असे धरून, चारपाच जणांनी एकाच वेळी उचलून फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उचलण्याच्या घाईने अर्धवट दुखावलेला रज्जू पुरता तुटू शकतो.

अशा रोग्यांना खेळावयास लावण्याची कल्पना निघाली ती रुग्णालयात. पहिल्या महायुद्धाच्या काळी कण्याची इजा झालेले बहुतेक सैनिक मूत्रमार्गाच्या संसर्गाने अगर अंथरुणावर पडून झालेल्या जखमा चिघळून मरत असत. वैद्यांनीही त्यांची आशा सोडलेली असे. जर्मनीतील नाझी राजवटीच्या छळामुळे देश सोडून १९३९ साली इंग्लंडात आलेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमान ह्यांनी ही रीत मोडली. स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांनी अशा जखमींचा स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावयाची, मूत्राशयाची स्वच्छता काटेकोर ठेवावयाची, आणि जिवंत राहिलेल्या माणसास दिवसभर कामात गुंतवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकदा त्यांचे रोगी चाकाच्या खुर्च्यांत बसून हातातील काठ्या उलट्या धरून एक चकती टोलवीत असलेले त्यांना दिसले. खेळाचे महत्त्व त्यांनी तेथे ओळखले. धनुर्विद्या त्यांनी मुद्दाम निवडली, कारण प्रत्यंचा ओढताना खांदे, दंड व पाठ ह्यांस जो व्यायाम होतो, तोच खुर्चीत जगणाऱ्या माणसास सर्वांत अधिक हवा असतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक क्रीडासामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्रीपुरुष सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पुढे १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू येऊन तीस आंतरराष्ट्रीय रूप आले, आणि १९६० साली रोम येथे भरलेले सामने आज पहिले पॅरालिंपिक म्हणून गणले जातात. गुटमान ह्यांना रोग्यांची करमणूक नको होती. ज्यात निकाल लागतो तो खरा सामना त्यांना हवा होता.

ह्या सामन्यांत भारतास पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा पुरुष कोल्हापूरच्या शेजारचाच. कराडहून कोल्हापूरकडे येताना महामार्गावर, इस्लामपूरनजीक पेठ हे गाव लागते. मुरलीकांत पेटकर ह्यांचा जन्म तेथे १ नोव्हेंबर १९४४ रोजी झाला. ह्याच रस्त्यावर थोडे उत्तरेस, कराडजवळ गोळेश्वर आहे. तेथील खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी कुस्तीत मिळविले, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते, ही गोष्ट जिल्ह्यातील शिक्षकांस परिचित आहेच. अशा मुलुखात मुलगा वाढला म्हणजे त्यास अंगमेहनतीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते.

पेटकर बालवयातच सैन्यात दाखल झाले. विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलात ते जवान होते व मुष्टियुद्धात त्यांनी नाव मिळविले. १९६४ साली टोकियो येथे सेनादलांचा जो आंतरराष्ट्रीय क्रीडामेळावा भरला, त्यात ते भारताकडून मुष्टियोद्धा म्हणून उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात चाकाच्या खुर्चीतील खेळाडूंचे जागतिक सामने भरले होते. धडधाकट पायांवर नाचत ठोसे देणाऱ्या त्या तरुणास ते सामने कधी आपले होतील, ही कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पुढील वर्षी, १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांतील एक कण्यात रुतली. दीर्घकाळ ते बेशुद्धावस्थेत होते. शुद्धीवर आले तेव्हा कंबरेखालील शरीर निकामी झालेले होते. मुष्टियोद्ध्याचे सारे कसब त्याच्या पायांत असते. ठोसा हाताचा दिसला तरी त्याचा जोर टाचेतून येतो. तेव्हा गेले ते केवळ पाय नव्हते, संपूर्ण विद्या गेली.

मुंबईच्या 'अश्विनी' ह्या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असता त्यांना पोहण्याचा व्यायाम सांगण्यात आला. ह्या सल्ल्यामागील विचार शिक्षकाने नीट समजून घेण्याजोगा आहे. जमिनीवर ज्या शरीराचा भार दोन दंडांना वाहावा लागतो, ते शरीर पाण्यात जवळजवळ भारहीन होते. खुर्ची लागत नाही, कुबड्या लागत नाहीत, कोणी उचलून ठेवावे लागत नाही. अपघातानंतर स्वतःच्या इच्छेने एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा अनुभव अशा रोग्यास प्रथम मिळतो तो पुष्कळदा पाण्यातच. परंतु हे सोपे मात्र नाही. निकामी पाय लाथ मारून पाणी मागे सारू शकत नाहीत. उलट ते खाली झुकतात व नांगराप्रमाणे ओढ लावतात. दोन हातांनी पुढे जावयाचे, आणि त्याच हातांनी धडाचा तोल सांभाळून पायांना पृष्ठभागाजवळ ठेवावयाचे, अशी दुहेरी कामगिरी असते. ज्याने विहिरीत पाठीस बिंडा बांधून पोहणे शिकविले आहे, त्यास पाय जड झालेला मुलगा पाण्यात कसा उभा होत जातो हे ठाऊक असेल. त्यावरून कल्पना यावी.

१९६८ साली तेल अवीव येथील सामन्यांत भारताने प्रथमच संघ पाठविला. त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले व पहिली फेरी जिंकून पुढे हरले. ही हार सांगण्याचे कारण असे की, त्यांच्या चरित्राच्या कथनात ती बहुधा गाळली जाते. परंतु रुग्णालयातील व्यायाम व खरी स्पर्धा ह्यांतील अंतर कळले असेल तर ते ह्या हारण्यानेच. १९७० मध्ये एडिंबरो येथे राष्ट्रकुल देशांतील अधरांगघातग्रस्तांचे सामने भरले. तेथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात त्यांना सुवर्ण, भालाफेकीत रौप्य व गोळाफेकीत ब्राँझ अशी तीन पदके मिळाली.

१९७२ चे ऑलिंपिक सामने म्युनिक येथे भरणार होते, व जखमी खेळाडूंचे सामनेही तेथेच व्हावयाचे. परंतु त्यांच्यासाठी तेथील क्रीडाग्राम उपलब्ध होऊ शकले नाही, आणि हे सामने ऑगस्टच्या आरंभी हायडेलबर्ग ह्या विद्यापीठनगरीत घ्यावे लागले. पेटकर तेथे भालाफेकीत व खुर्चीच्या अडथळा-शर्यतीतही उतरले होते. ५० मीटर मुक्तशैलीत तिसऱ्या वर्गात त्यांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले. तो त्या वर्गातील जागतिक विक्रम ठरला. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीय खेळाडूस वैयक्तिक सुवर्ण मिळण्याची ती पहिलीच वेळ. दुसरे पॅरालिंपिक सुवर्ण भारतास त्यानंतर ३२ वर्षांनी, २००४ मध्ये अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया ह्यांच्या भालाफेकीने मिळाले. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण तर २००८ साली.

देशाने मात्र ह्या कामगिरीची दखल सावकाशीने घेतली. पेटकर पुण्यास टेल्कोमध्ये नोकरी करीत राहिले. पद्मश्री त्यांना २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी, मिळाली. अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, प्रदान झाला. त्यापूर्वीच्या वर्षी त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, त्यामुळे आज अनेक विद्यार्थी त्यांचे नाव जाणतात. चित्रपटात रंगविलेले सर्वच प्रसंग वर्गात इतिहास म्हणून सांगू नयेत. ३७.३३ हा आकडा फळ्यावर लिहिला तरी पुरे आहे. तो कोणी दयेने दिलेला नाही, घड्याळाने दिला आहे.

कोल्हापूर शहरात अशा जीवनाचे दुसरे उदाहरण आहे ते नसीमा हुरजूक ह्यांचे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या कंबरेखालील भागास पक्षाघात झाला. पुढे शिक्षण पूर्ण करून केंद्रीय अबकारी खात्यात त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापिली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन शिक्षकांनी मुळातून वाचावे. क्रीडाक्षेत्रात पदकाची गोष्ट तेवढी सांगितली जाते. अपंग मुलीस जिना चढून वर्गात जाता येईना म्हणून तिचे शिक्षण थांबते, ही गोष्ट मागे राहते. हुरजूक ह्यांचे कार्य ह्या दुसऱ्या गोष्टीशी झुंजणारे आहे. नेमबाजीतील कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर हे पोलिओने पाय गमावलेले खेळाडू. २०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत ते चौथे आले. चौथ्या क्रमांकास पदक नसते, आणि उत्तेजनार्थ बक्षीसही नसते.

आता जोड कशी लावतात ते पाहू. पेटकरांच्या काळी मज्जारज्जू कोणत्या उंचीवर दुखावला ह्यावरून खेळाडूंचे वर्ग पाडीत. हल्ली कोणत्या खेळात कोणती हालचाल करता येते हे प्रत्यक्ष पाहून वर्ग ठरवितात. पोहण्यात शारीरिक अपंगत्वाचे दहा वर्ग आहेत. क्रमांक जितका लहान तितकी हालचालीची अडचण अधिक. गोळा, थाळी व भाला बसून फेकणाऱ्यांसाठी जमिनीस पक्के आवळलेले आसन असते. फेकताना त्यावरून बूड उचलले तर ती फेक बाद, आणि गोळ्याचे वजनही वर्गानुसार बदलते. सर्वांत मौजेचा नियम चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलचा आहे. प्रत्येक खेळाडूस त्याच्या क्षमतेप्रमाणे १ पासून साडेचारपर्यंत गुण दिलेले असतात, आणि मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ पेक्षा अधिक होता कामा नये. परिणामी केवळ बळकट खेळाडू उतरविण्याची सोय राहत नाही. ज्याची इजा गंभीर आहे असा एकगुणी खेळाडूही संघास हवाच असतो; तो कोणाच्या उपकाराने संघात येत नाही, बेरीज जमावी म्हणून येतो. कित्येक खेळांत तर जोड लावावीच लागत नाही. न्यूझीलंडची नेरोली फेअरहॉल ही अधरांगघात झालेली तिरंदाज १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून सर्वसामान्य खेळाडूंबरोबर उतरली होती.

आपल्या शाळेतील अडचण अशी की, असा मुलगा किंवा मुलगी शाळेत बहुधा एकटीच असते. मग जोड कोणाशी लावावी? ह्यावर पहिला उपाय म्हणजे सर्वांनाच बसविणे. रबरी चेंडू किंवा वाळूची पिशवी बसून फेकण्याची स्पर्धा ठेवली, व प्रत्येकाने त्याच बाकावर बसून, पाय एकत्र बांधून फेकावयाचे असे ठरविले, तर पायांचा फायदा कोणासच राहत नाही. दोन वर्षे हातांनी खुर्ची ढकलणाऱ्या मुलाच्या खांद्यांचे बळ वर्गास त्या दिवशी कळते. पाय असलेली मुले बसून फेकताना प्रारंभी हमखास मागे कोसळतात; त्यांना हसू द्यावे. बसून खेळावयाचा व्हॉलीबॉल, टेबल टेनिस, कॅरम, बुद्धिबळ ह्यांतही हेच साधते. तालमीतील हलके मुद्गल बसल्या जागी फिरविणे हा खांद्यांचा उत्तम व्यायाम आहे. मात्र वजन शिकविणाऱ्याने ठरवावे. दुसरा उपाय केंद्रपातळीवरील आहे. एका शाळेत एक असलेली मुले केंद्रातील सर्व शाळांची मिळून चारपाच होऊ शकतात. केंद्रप्रमुखांनी व समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांनी त्यांची नोंद एकत्र केली की केंद्राच्या क्रीडास्पर्धेत त्यांचा सामना लागू शकतो. एवढेही प्रतिस्पर्धी न मिळाले तर मुलाची स्वतःचीच मागील फेक त्याची जोड. ती मीटर-सेंटिमीटरमध्ये मोजून तारखेसह लिहावी. अंदाजे 'छान फेकलास' असे म्हणून सोडून देऊ नये. पुढील वेळी ती कमी भरली तर कमीच लिहावी.

ह्यास कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्याच्या कलम १६ अन्वये शैक्षणिक संस्थेने अशा विद्यार्थ्यास भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा असतो, आणि शिक्षणाबरोबर खेळ व करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाची असते. कलम ३० मध्ये क्रीडाविषयक उपाययोजना शासनावर सोपविली आहे. तेव्हा तासिकेच्या वेळी ह्या विद्यार्थ्यास वर्गात दप्तरे सांभाळण्यास ठेवणे ही सवलत नव्हे.

खेळविण्यापूर्वी घ्यावयाची काळजी मात्र नीट घेतली पाहिजे, आणि प्रथम त्या मुलाच्या डॉक्टरांची अनुमती मिळविली पाहिजे. ज्या भागास संवेदना नाही तो भाजला, चिरला अगर घासला तरी मुलास कळत नाही. उन्हात तापलेल्या लोखंडी बाकावर त्यास बसवू नये. बसण्यास जाड गादी असावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड क्षणभर उचलण्याची सवय लावावी, नाहीतर कातडीवर सतत दाब पडून जखम होते व ती भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. घरी रोज आरशात पाहून लाल डाग शोधण्यास पालकांस सांगावे. इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून अशा मुलाचे शरीर उन्हात लवकर तापते. त्याचे खेळ सकाळी ठेवावेत, अंगावर ओले फडके फिरवावे. ज्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे, त्यास एकाएकी कपाळ ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम सुटणे अशी लक्षणे झाल्यास त्यास तत्काळ ताठ बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, लघवी तुंबली आहे काय ते पाहावे व विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. ही लक्षणे उन्हाची म्हणून दुर्लक्षिली तर जिवावर बेतू शकते. पाण्यात तर अशा मुलास कधीही एकटे सोडू नये, मग तो कितीही चांगला पोहत असो.

आणखी एक बाब आहे, ती सहसा बोलली जात नाही. मूत्राशयावरील ताबाही ह्या इजेने जातो. नळी वापरून ठरावीक वेळी लघवी काढावी लागते. शाळेतील मुतारीत खुर्ची शिरत नसेल, किंवा दाराला कडी नसेल, तर मूल सकाळपासून पाणीच पीत नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. पाणी न प्याल्याने संसर्ग होतो, ताप येतो, गैरहजेरी वाढते, आणि शिक्षक हजेरीपत्रकावर 'आजारी' लिहितात. मुतारीच्या दारापुढील उंबरठा काढून तेथे उतरण केली व आतून लागणारी कडी बसविली, तर खेळाच्या तयारीतील निम्मे काम झाले. गवंड्याचे ते एका दिवसाचे काम आहे. मुलीच्या बाबतीत तिच्याशी व तिच्या आईशी हे बोलणे शिक्षिकेने करावे; शाळेत शिक्षिका नसेल तर आशाताईंची मदत घ्यावी.

फेकीसाठी आसन गावातील सुताराकडून होते. जाड फळीचे, पाठ नसलेले, जमिनीपासून साधारण दीड फूट उंचीचे बाक करावे. चारी पाय जमिनीत पुरलेल्या खुंट्यांस दोरीने आवळावेत, जेणेकरून फेकीच्या झटक्याने ते कलंडणार नाही. एका बाजूस उभी दांडी ठोकावी. ज्या हाताने फेकावयाचे नाही तो हात तिला धरून राहतो. कंबरेस रुंद पट्टा बांधावा, तो कातडीत रुतता कामा नये. बाकाच्या पुढील कडेस जमिनीवर फक्कीची रेघ ओढावी आणि फीतीचे शून्य तेथून धरावे. मोजमाप दोन विद्यार्थ्यांनी करावे, व नोंदवही त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी.